कॅम्परची मागची बॅटरी रात्री उतरते: ट्यूब्युलर काढून लिथियम टाकू का?

पांथस्थ_पुणे

नमस्कार मंडळी. इथे गाडीत संसार मांडलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारतो.

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन एका वर्कशॉपकडून तिचा कॅम्पर करून घेतला आहे. मागे १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या (घरच्या इन्व्हर्टरला असतात त्याच, लेड-अ‍ॅसिड), छतावर २०० वॉटचं एक पॅनल, १००० वॉटचा प्युअर साइन इन्व्हर्टर, आणि इंजिन चालू असताना रिलेमार्फत चार्जिंग. लोड म्हणाल तर १२ व्होल्टचा ४५ लिटर फ्रिज, दोन पंखे, एलईडी दिवे, पाण्याचा पंप, माझा लॅपटॉप आणि सकाळी चटणीपुरता मिक्सर.

पहिलं वर्ष मजेत गेलं. आता मध्यरात्रीनंतर इन्व्हर्टर ओरडायला लागतो आणि पहाटे फ्रिज बंद. बॅटरीवाला म्हणतो दोन्ही गेल्या, लिथियम टाका. वर्कशॉपवाला म्हणतो तिसरी ट्यूब्युलर वाढवा. सप्टेंबरात स्पितीमार्गे लडाखचा बेत आहे, सासूसासरे बरोबर आहेत, त्यामुळे रात्री अंधारात बसायची वेळ नको.

२०० अँपिअर-अवरची लिथियम घ्यावी का? कुठली? आणि सरळ जुनीच्या जागी ठेवून त्याच तारा जोडल्या तर चालेल ना?

चक्रीवादळ

पहिला. आता तारकरकाका येतील आणि तुम्हाला गृहपाठ देतील. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

तारकर

चक्रीवादळ, आलोच.

पांथस्थ, बॅटरी कुठली घ्यायची हे नंतर बघू. आधी ही का बसली ते कळू दे, नाहीतर नवीही त्याच वाटेने जाईल. वीज मंडळात आयुष्य काढलं, तिथेही लोक ट्रान्सफॉर्मर आधी बदलत आणि फॉल्ट नंतर शोधत. मल्टिमीटर आणि अ‍ॅसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर घ्या (बुधवार पेठेत तापकीर गल्लीत दोन्ही मिळतील) आणि एवढं मोजून सांगा:

संध्याकाळी बॅटरी थोडी वापरून अर्धीमुर्धी रिकामी करा. इंजिन चालू करून आरपीएम १५०० च्या आसपास धरा. मग अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलवर किती व्होल्ट आणि मागच्या बॅटरीच्या खांबांवर किती व्होल्ट, दोन्ही लगोलग मोजा. प्रोब थेट खांबाला लावायचा, लगला (तारेच्या टोकाच्या कडीला) नाही.

अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची तार किती स्क्वेअर एमएमची आणि किती मीटर लांब? निगेटिव्हची तार मागपर्यंत वेगळी नेली आहे की चासीवरच भागवलं आहे?

आणि वेगळ्या दिवशी, नेहमीसारखं चार्जिंग झाल्यावर, रात्रभर चार्जिंग आणि लोड दोन्ही बंद ठेवून सकाळी प्रत्येक सेलचं पाणी हायड्रोमीटरने तपासा. दोन बॅटऱ्यांचे मिळून बारा आकडे येतील. बाराही लिहा, सरासरी नको.

मुक्कामपोस्ट

काकांना +१. आणखी एक. इन्व्हर्टर चोवीस तास चालू असतो का? आम्ही दोघं गाडीतच राहतो, तेव्हा अनुभवाने सांगते. रिकामा इन्व्हर्टरसुद्धा १०-२० वॉट खातो. तुमचा १५ वॉटचा धरला तर दिवसाला ३६० वॉट-अवर झाले. तुमच्या फ्रिजच्या खर्चाच्या जवळपास जाईल हे! फ्रिज, पंखे, दिवे, पंप सगळं १२ व्होल्टवर आहे, मग इन्व्हर्टर फक्त लॅपटॉप आणि मिक्सरसाठी. लॅपटॉपला कारमध्ये चालणारा टाइप-सी चार्जर घ्या आणि इन्व्हर्टर मिक्सरपुरता चालू करा.

घाटमाथा

लिथियमच्या नादी लागू नका राव. पेटलेल्या स्कूटरचे व्हिडिओ बघितले नाहीत का? आणि तुम्ही त्यावर गादी टाकून झोपणार.

ओरेगॉनकर

@घाटमाथा, सगळ्या लिथियम बॅटऱ्या एकाच माळेचे मणी नाहीत. स्कूटरमध्ये बऱ्याचदा एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) रसायन असतं. कॅम्परमध्ये वापरतात ते लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. त्यातला फॉस्फेटचा बंध ऑक्सिजन सहजी सोडत नाही, त्यामुळे तापून स्वतःहून भडकण्याचा धोका बराच कमी. शून्य नाही, कमी. खराब सेल, भिकार बीएमएस (बॅटरीला जपणारं आतलं सर्किट) किंवा फ्यूजशिवाय झालेलं शॉर्ट सर्किट असेल तर एलएफपीलाही आग लागू शकते.

उलट ट्यूब्युलर ही झोपण्याच्या जागेत ठेवायची वस्तूच नव्हे. चार्ज होताना हायड्रोजन सोडते. पांथस्थ, तुमच्या बॅटऱ्या नक्की कुठे आहेत? बाहेर हवा जाते का?

अवांतर: एलएफपीवरचा १९९७ चा मूळ शोधनिबंध गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतला, पण त्यावर पहिलं नाव आहे अक्षय पाढी. गुडइनफना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं, पाढी हे नाव आपल्याकडेही फारसं कुणाला माहीत नाही.

पांथस्थ_पुणे

गृहपाठ केला.

अल्टरनेटरवर १४.१ व्होल्ट, त्याच वेळी मागच्या बॅटरीवर १३.३. क्लॅम्प मीटर शेजाऱ्याकडून आणला, तारेतून २० अँपिअर जात होते. तार ६ स्क्वेअर एमएमची, एका बाजूने साधारण ७ मीटर. निगेटिव्हलाही तेवढीच तार आहे, चासीवर भागवलेलं नाही.

हायड्रोमीटर: पहिल्या बॅटरीत १.१९०, १.१९०, १.१८५, १.१९०, १.१८५, १.१९०. दुसरीत १.१८०, १.१८५, १.१८०, १.१२०, १.१८०, १.१७५.

पाण्याची पातळी ठीक होती, लाल फ्लोट वर होते. बॅटऱ्या मागच्या बेडखाली प्लायच्या पेटीत आहेत, बाहेर भोक वगैरे काही नाही. अल्टरनेटरवर ९० अँपिअर छापलं आहे.

तारकर

शाब्बास. असे आकडे दिले की अर्धं काम होतं.

आता हिशोब बघा. तांब्याचा रोध काढायला ०.०१७२ ला लांबीने गुणायचं आणि जाडीने भागायचं. जाऊन-येऊन १४ मीटर, ६ स्क्वेअर एमएम, म्हणजे ०.०४ ओहम. २० अँपिअरला ०.८ व्होल्ट तारेतच गेले. १४.१ मधून ०.८ वजा करा, तुमचे १३.३ आले. मीटर आणि कागद जुळले, म्हणजे लग आणि रिले बरे आहेत, दोष तारेच्या जाडीचा आहे.

लेड-अ‍ॅसिडला नीट भरायला १४.४ च्या आसपास व्होल्टेज लागतं आणि तेही काही तास टिकवून. १३.३ वर ती कधीच पूर्ण भरत नाही. शिवाय शेवटचे २० टक्के ती मुळातच फार सावकाश घेते, चार-पाच तास सहज. तुम्ही पुण्याहून गुहागरला गेलात आणि वाटलं की एवढी गाडी चालली, बॅटरी फुल्ल असणार. नाही. महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिली की प्लेटवर सल्फेटचे खडे धरतात आणि घट्ट होतात. ट्यूब्युलर पूर्ण भरली की १.२४०-१.२५० दाखवते. तुमची १.१९० वर अडली आहे.

दुसऱ्या बॅटरीचा चौथा सेल गेला. बाकीचे १.१८० आणि तो १.१२०, एवढा फरक चार्जिंगने सहसा भरून येत नाही. आणि दोन्ही पॅरललमध्ये असल्यामुळे ती आजारी बॅटरी चांगलीलाही रात्रभर खाली ओढते. आजच दोन्हींची जोडणी सोडवा.

तिसरी ट्यूब्युलर वाढवा हा सल्ला देणाऱ्याला नमस्कार. येणारं पाणी तेवढंच, टाकी मोठी.

मुक्कामपोस्ट

मी यांचा दिवसाचा खर्च मांडून बघितला. फ्रिज ४५ वॉट, दिवसाकाठी दहाएक तास कॉम्प्रेसर चालला तर ४५० (मे महिन्यात विदर्भात याच्या दीडपट धरा). पंखे दोन मिळून ३२०. दिवे ८०. लॅपटॉप २४०. मोबाइल, पंप, मिक्सर मिळून १२०. इन्व्हर्टरची रिकामी भूक ३६०. बेरीज १५७० वॉट-अवर.

जमा काय? २०० वॉटचं पॅनल छतावर आडवं, साडेचार तास चांगलं ऊन, पाव भाग धूळ-उष्णता-तारेत गेला असं धरलं तर ६७५. तीन तास ड्रायव्हिंग, २० अँपिअर, १३.३ व्होल्ट, म्हणजे ८०० च्या आत. आणि लेड-अ‍ॅसिड घेतलेल्यातलं साधारण ७५-८० टक्केच परत देते. म्हणजे गाडी चाललेल्या दिवशीही तूट, आणि गाडी एका जागी उभी राहिली त्या दिवशी तर विचारूच नका.

आणि जुलैत सह्याद्रीत पॅनलवर विसंबू नका. भंडारदऱ्याला धुक्यात आमचं पॅनल दिवसभरात फ्रिजपुरतंही देत नव्हतं.

सोनकी

वाचनखूण साठवली. एक बावळट प्रश्न: बॅटरीवर १२.४ व्होल्ट दिसले म्हणजे किती टक्के?

तारकर

सोनकीताई, प्रश्न बावळट नाही. लेड-अ‍ॅसिड काही तास लोड आणि चार्जिंगशिवाय पडून असेल तर १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास अर्धी. १२.४ म्हणजे पाऊण समजा. फ्रिज चालू असताना बघितलेला आकडा फसवतो.

एलएफपीत हा प्रकार चालतच नाही. तिचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात १३.२ च्या आसपास जवळजवळ सपाट असतं आणि संपताना एकदम कोसळतं. तिला शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजायचा तुकडा) लावूनच अँपिअर-अवर मोजावे लागतात.

पांथस्थ_पुणे

काका, ताई, डोळे उघडले. म्हणजे तार जाड करून लिथियम टाकली की झालं ना? रिले आहेच.

ओरेगॉनकर

थांबा थांबा! रिलेवर एलएफपी थेट जोडू नका.

लेड-अ‍ॅसिड भरत आली की स्वतःच करंट कमी घेते. एलएफपीचा अंतर्गत रोध इतका कमी की ती जवळजवळ शेवटपर्यंत मिळेल तेवढं ओढते. आता तुमची बारीक तार नकळत अल्टरनेटरला वाचवते आहे. ती जाड केलीत की ९० अँपिअरचा अल्टरनेटर पूर्ण ताकदीने चालेल. हायवेवर एक वेळ ठीक, पण घाटात ट्रॅफिकमध्ये इंजिन आयडलवर असताना त्याचा पंखा हळू फिरतो, थंडावा नाही आणि भार तेवढाच. वाइंडिंग आणि डायोड भाजतात.

दुसरं, बीएमएसने भर चार्जिंगमध्ये बॅटरी तोडली तर अल्टरनेटरला तो भार एका क्षणात नाहीसा झालेला दिसतो आणि व्होल्टेजची उसळी येते. डायोड तेव्हाही जाऊ शकतात.

दोन्हींवर उपाय एकच, डीसी-डीसी चार्जर. तो अल्टरनेटरकडून ठरलेलाच करंट घेतो आणि बॅटरीला हवं ते १४.४ स्वतः बनवून देतो. गाडी बीएस-६ असेल तर तो लागतोच, कारण बऱ्याच नव्या गाड्यांचा स्मार्ट अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज मध्येच खाली आणतो. ९० अँपिअरच्या अल्टरनेटरला ३० चा घ्या. तो समोरून ३५ च्या आसपास ओढेल, उरलेल्यात हेडलाइट, ब्लोअर आणि पुढची बॅटरी भागेल.

आमच्या इकडची मोटरहोम जुनी होती, तिच्यात १२० व्होल्टवर चालणारा कन्व्हर्टर होता, तो कायम १३.६ वरच. एलएफपी टाकल्यावर त्यावर फार रेंगाळत भरायची आणि सेलचं बॅलन्सिंग कधी व्हायचंच नाही, कारण बहुतेक बीएमएस ते वरच्या व्होल्टेजलाच करतात. शेवटी लिथियम प्रोफाइलचा कन्व्हर्टर बसवला. तात्पर्य काय, बॅटरीचा जात-धर्म बदलला की भिंतीचा चार्जर, सोलर कंट्रोलर आणि अल्टरनेटर तिन्हींची सेटिंग बदलायची.

चक्रीवादळ

बॅटरीलाही जात-धर्म! संपादक झोपलेत वाटतं.

घाटमाथा

म्हणजे बॅटरी, चार्जर, शंट, तारा, सगळंच नवीन. खर्च बघितलात का? त्यापेक्षा एक चांगली ट्यूब्युलर, जाड तार आणि जास्तीचं पॅनल. भागतंय की.

तारकर

घाटमाथा, तुमचं अगदीच चूक नाही. महिन्यातून एखादा शनिवार-रविवार फिरणाऱ्याला, आणि एरवी गाडी घरी प्लगवर लावून ठेवणाऱ्याला लेड-अ‍ॅसिड आजही परवडते. फक्त पेटी हवाबंद नको, बाहेर जाणारा व्हेंट हवा, तोही पेटीच्या वरच्या अंगाला, कारण हायड्रोजन वर जातो. आणि बॅटरीवर छापलेला आकडा २० तासांच्या हिशोबाचा आहे की १० तासांच्या ते बघा. इन्व्हर्टरवाल्या बहुधा सी-२० वर मोजतात, सोलरवाल्या सी-१० वर. सी-२० ची १५० मिक्सर-इंडक्शनसारख्या मोठ्या लोडला १५० देत नाही.

पण यांना सप्टेंबरात लडाखला जायचं आहे आणि गाडीत माणसं वाढणार. दोन ट्यूब्युलरचं वजन शंभर किलोच्या वर, २०० ची एलएफपी पंचविसाच्या आत. घाटात हे वजन मागच्या एक्सलवर जाणवतं. वापरायला मिळतात किती? दोन ट्यूब्युलर मिळून ३६०० वॉट-अवर, त्यातले निम्मेच काढावेत, म्हणजे १८००. एलएफपी २५६०, त्यातले ८०-९० टक्के बिनधास्त. माझं मत लिथियमच्या बाजूने, पण चार्जरसकट. नुसती बॅटरी घेणार असाल तर घेऊ नका.

मुक्कामपोस्ट

लडाखचं कुणी बोललंच नाही! एलएफपी ० अंशाखाली चार्ज करायची नाही. वापरता येते, बहुतेकांना उणे २० पर्यंत, पण चार्ज नाही. थंडीत लिथियम ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्यावर धातूचा थर धरतं, आणि ते नुकसान परत भरून येत नाही. बॅटरी लगेच मरत नाही, क्षमता गुपचूप जाते आणि पुढे आतून शॉर्ट व्हायचा धोका.

सरचूला किंवा हानलेला सप्टेंबरात रात्री पारा शून्याखाली जातो. पहाटे पॅनलवर ऊन पडतं, हवा लख्ख, कंट्रोलर खुशाल चार्जिंग सुरू करतो, आणि बॅटरी अजून गारठलेली असते. म्हणून घेताना दोन गोष्टी लिहून घ्या: बीएमएसला कमी तापमानाचा चार्जिंग कटऑफ आहे का, आणि सेन्सर सेलला चिकटवलेला आहे की सर्किट बोर्डवरच आहे. विक्रेता "हो हो सगळं आहे" म्हणाला तर डेटाशीट मागा.

बरं, एलएफपी एरवी वायू सोडत नाही, त्यामुळे ती माणसांबरोबर केबिनमध्ये ठेवता येते. बेडखालची जागा उत्तम, फक्त त्या प्लायच्या पेटीला आता केबिनच्या बाजूने जाळी द्या म्हणजे आतली ऊब पोचेल. उन्हाळ्यात मात्र तीच जाळी अंगाशी येते, कारण बहुतेक डेटाशीटवर चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंशांच्या आसपास असते आणि नागपूरला उन्हात बंद गाडी त्याच्या पलीकडे जाते.

डिझेल हीटर लावणार असाल तर तो सुरू होताना ग्लो प्लगला मिनिट-दोन मिनिटं दहाएक अँपिअर घेतो. बॅटरी खंगलेली असली की नेमका तेव्हाच पेटत नाही. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्याच, सासूसासरे आहेत बरोबर.

सर्किटराव

पॅनलबद्दल. पांथस्थ, आणखी पॅनल घेणार असाल तर कंट्रोलर कुठला आहे ते बघा. बाजारात स्वस्तात मिळतं ते ३३०-३४० वॉटचं ७२ सेलचं पॅनल, ते ३८ व्होल्टला पावणेनऊ अँपिअर देतं. पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर (साधा प्रकार, पॅनलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर चालवतो) लावलंत तर तेच पावणेनऊ अँपिअर बॅटरीच्या १३ व्होल्टला मिळणार, म्हणजे ११५ वॉट. उरलेले दोन तृतीयांश वाया. एमपीपीटीच हवा, तो जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलून देतो.

आणि जुनं २०० चं नि नवं ३३० चं एकाच एमपीपीटीवर सिरीजमध्ये नको, कमी करंटवालं दुसऱ्याला अडवतं. दोन छोटे कंट्रोलर लावा, प्रत्येकाला एक.

आणखी एक गंमत, लडाखवाल्यांसाठी. ७२ सेलच्या पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज ४६ च्या आसपास. दोन सिरीजमध्ये म्हणजे ९२, आणि लोक १०० व्होल्टचा एमपीपीटी घेऊन निर्धास्त. पण हा आकडा २५ अंशांचा असतो. थंडीत दर अंशाला साधारण ०.३ टक्के वाढतो. उणे १० ला ३५ अंशांचा फरक, दहा टक्के वाढ, १०१ व्होल्ट. सकाळच्या पहिल्या उन्हात कंट्रोलर गेला म्हणून समजा. पुण्यात तो जन्मभर चालला असता.

रत्नांग्रीवाला

आमचा होमस्टे आहे, कॅम्परवाले येतात, प्लग मागतात. देतो आनंदाने. पण एक विनंती: प्लग लावण्याआधी अर्थिंग तपासा हो. कोकणात कित्येक जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट आहे आणि तिसऱ्या पिनेच्या मागे काहीच नाही. गाडी टायरांवर उभी, म्हणजे जमिनीपासून तुटलेली. आत कुठे फेज बॉडीला लागली तर पत्रा जिवंत राहतो आणि बाहेरून ओल्या पायांनी दार उघडणाऱ्याला झटका बसतो. पावसाळ्यात तर जिवावरचं काम.

तारकर

रत्नांग्रीवाले, अगदी बरोबर. गाडीत मेन सप्लाय आत येतो तिथेच ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच) हवी, त्यानंतर एमसीबी. घरमालकाने लावली असेल असं धरायचं नाही. फेज आणि अर्थमध्ये मीटरने २३० च्या आसपास आलं पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या आत. फेज-अर्थमध्ये काहीच येत नसेल तर तिथे प्लग लावू नका, चहा घ्या आणि सोलरवर भागवा.

व्होल्टेज कमी असलं तरी घाबरू नका, ३० अँपिअरचा बॅटरी चार्जर २३० वर दोन-सव्वादोन अँपिअरच घेतो. बरेच चांगले चार्जर १८०-१९० लाही चालतात. प्लेटवर लिहिलेलं असतं.

खाऱ्या हवेबद्दल: किनाऱ्यावर जास्त फिरणाऱ्यांनी टिन केलेली तांब्याची तार घ्यावी. साधी तार लगच्या आत काळी-हिरवी पडते, वरून दिसत नाही. लग हायड्रॉलिक क्रिम्परनेच दाबून घ्या, हातोडीने नाही. वर हीट श्रिंक, टर्मिनलला व्हॅसलीनचा हात.

ओरेगॉनकर

फ्यूजचं राहिलं. अल्टरनेटर-पुढची बॅटरी ते मागची बॅटरी या तारेला दोन्ही टोकांना फ्यूज हवा, कारण वीज दोन्ही बाजूंनी येऊ शकते. बहुतेक गाड्यांत पुढेच असतो. आणि एलएफपीच्या पॉझिटिव्ह खांबाच्या जितका जवळ जमेल तितका मुख्य फ्यूज, तोही क्लास-टी. शॉर्ट झाल्यावर ती हजारो अँपिअर सोडते, स्वस्तातला काचेचा किंवा पत्र्याचा फ्यूज वितळतो पण आतली ठिणगी तोडू शकत नाही.

पांथस्थ_पुणे

सगळ्यांचे आभार. ठरवलेलं लिहितो, चूक असेल तर कान धरा.

२०० अँपिअर-अवरची एलएफपी, कमी तापमानाच्या कटऑफसह, सेन्सर सेलवर. ३० अँपिअरचा डीसी-डीसी, तो बॅटरीजवळ. तार २५ स्क्वेअर एमएम, टिन केलेली, दोन्ही टोकांना फ्यूज. शंट. जुनं पॅनल आहे त्या एमपीपीटीवर (तपासला, एमपीपीटीच आहे, सेटिंग मात्र ट्यूब्युलरचंच होतं), नवं ३३० चं स्वतंत्र कंट्रोलरवर. आरसीसीबी. इन्व्हर्टर मिक्सरपुरता. पेटीला जाळी.

दोन शंका. स्वयंपाकासाठी इंडक्शन घ्यावी का? आणि सौ. विचारतात, एसी चालेल का?

मुक्कामपोस्ट

यादी चोख आहे. डीसी-डीसीला इग्निशनची सिग्नल वायर द्यायला विसरू नका, नाहीतर इंजिन बंद असताना तो पुढची बॅटरी पिऊन टाकेल आणि सकाळी सेल्फ लागणार नाही.

इंडक्शन १२०० वॉटवर चालवली तर इन्व्हर्टरचं नुकसान धरून १२ व्होल्टकडून ११० अँपिअर. तुमचा १००० चा इन्व्हर्टर पुरणार नाही, २००० चा लागेल, तारा ३५ किंवा ५० च्या आणि मीटरभराच्या आत, आणि बॅटरीचा बीएमएस किमान १५० अँपिअरचा. आम्ही चहा-मॅगी इंडक्शनवर आणि भात-भाजी ५ किलोच्या छोटू गॅस सिलिंडरवर करतो. लडाखच्या उंचीवर कुकर लागतोच, आणि कुकर इंडक्शनवर अर्धा तास म्हणजे बॅटरीचा पाव भाग.

तारकर

एसीचं: एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभरात पाच-सहा युनिट घेईल. तुमची नवी बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी अडीच युनिट. म्हणजे प्लग असेल तिथे एसी, नसेल तिथे पंखा. सौ.ना सांगा, लडाखला लागणार नाही.

नियमावली

मंडळी, छतावर पॅनल, आत गॅस, बाहेर मेन सप्लायचा सॉकेट, हे सगळं आरसीवर आहे का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेतला बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय चालत नाही. आगीचा क्लेम आला की विमा कंपनी पहिलं हेच काढते. पांथस्थ, कॅम्पर करून घेतलात तेव्हा आरसीत नोंद झाली का?

पांथस्थ_पुणे

हो, झाली आहे, मोटार कॅरव्हॅन म्हणून. विमा कंपनीला नव्या बॅटरीचं बिल आणि वायरिंगचा नकाशा मेल करून ठेवतो.

जुन्या दोन ट्यूब्युलरचं काय करू? भंगारात?

तारकर

चौथा सेल गेलेली भंगारात, पण रस्त्यावरच्या भंगारवाल्याला नको, बॅटरीच्या दुकानात द्या. त्यांना जुन्या परत घ्यायच्याच असतात आणि शिशाच्या वजनाचे पैसेही मिळतील. पाणी ओतून देऊ नका, ते अ‍ॅसिड आहे.

पहिली टाकू नका. सहाही सेल १.१८५-१.१९० मध्ये आहेत, म्हणजे उपाशी आहे, मेलेली नाही. मोकळ्या हवेत ठेवून १५ अँपिअरने चार्ज करा, गॅसिंग सुरू झाल्यावर करंट कमी करून आणखी काही तास ठेवा. दर तासाला हायड्रोमीटर लावा. लागोपाठ तीन वेळा आकडा हलला नाही की थांबवा. पाणी कमी झालं तर डिस्टिल्डच, नळाचं नाही. १.२३० च्या वर आली तर घरच्या इन्व्हर्टरला चालेल. आकडे इथे लिहा.

पांथस्थ_पुणे

काका, चार्जर शेजाऱ्याकडून आणला. गच्चीवर लावली आहे. दुपारपर्यंत १.२०५ ते १.२१०, अजून चढते आहे.

चक्रीवादळ

त्या शेजाऱ्याला कुणीतरी सदस्य करून घ्या.